आदल्या दिवसाचा माणूस

१

मी देवी टोचणारा माणूस होतो. घाटावर सगळे मला 'देवीडाक्टर' म्हणत, पण डॉक्टर मी नव्हतो. नाव आश्रुबा. बीडच्या मदरशात पाच इयत्ता उर्दू शिकलो, सरकारी दवाखान्यात टोचायचं नस्तर धरायला शिकलो, आणि बाविसाव्या वर्षी बालाघाटावरची एक वाट माझ्याकडं आली.

घाट चढून वर आलं की ती वाट मावळतीकडं सुटते. तिला रस्ता म्हणता येणार नाही. गुरांच्या आणि माणसांच्या पायांनी पडलेली बारा कोसांची पाऊलवाट. खडकावर दिसेनाशी होते, पुन्हा कुसळीच्या गवतातून निघते. तिच्यावर पाच वस्त्या. शेवटची माळेवाडी, आणि तिच्यापुढं दोन कोसांवर इंग्रजांची हद्द. थंडीत लस टिकते म्हणून दरसाल पौषात मी ही फेरी करायचो. बरोबर चाँदभाई शिपाई असायचा. पन्नाशीचा, गुडघ्यांनी कुरकुरणारा, बोलायला लागला की वाट सरवणारा. लसीच्या नळ्यांची पत्र्याची पेटी त्याच्या डोक्यावर आणि छत्री माझ्या काखेत.

आम्ही लांबून दिसलो की वस्तीत पळापळ व्हायची. बाया लेकरांना कणगीत घालायच्या, कडब्यात दडवायच्या. मग चाँदभाई ओट्यावर बसून बत्तासे वाटायचा, पाटील दोन शिव्या द्यायचा, आणि एकेक लेकरू रडत-ओरडत बाहेर यायचं. संध्याकाळपर्यंत सगळी वस्ती रडून लाल झालेली असायची. मला त्या रडण्याची इतकी सवय होती की ते कानावर येत नसे.

मागल्या साली मात्र ही फेरी झाली नव्हती. चाँदभाई रजेवर होता. मी एकटाच निघालो, ताप आला, आणि घाटमाथ्यावरून माघारी फिरलो. चैत्रात पठारावर देवीची साथ आली. पाच वस्त्यांत मिळून अकरा लेकरं गेली. त्यातलं एक माळेवाडीचं, माझ्या धाकट्या बहिणीचं, छबूचं. सोपान त्याचं नाव. चार वर्षांचा होता; दर फेरीला काही ना काही आजारानं टोचायचा राहून गेलेला.

त्यानंतर मी छबूकडं गेलो नव्हतो. श्रावणात तिला मुलगी झाल्याचा निरोप आला, तरी गेलो नाही. आता निजामाच्या फसली सन तेराशे सव्वीसच्या पौषात जात होतो.

२

पहिली वस्ती टाकेवाडी. उन्हं वर आली होती तेव्हा आम्ही तिथं पोचलो. पळापळ झाली नाही. कुणी रडलं नाही. लेकरं पारावर ओळीनं बसली होती.

पाटलाची आई सावित्रीबाई दारात शेंगा फोडत होती. मान वर करून म्हणाली, "या डाक्टर. काही ऱ्हायलं का?"

"ऱ्हायलं म्हंजी?"

"काल समदी लेकरं टोचली की. एक सोडलं न्हाई."

मी म्हटलं, "आई, काल मी बीडात होतो. कोण आलतं?"

ती हसली. "कोण म्हंजी? तुमीच. छत्री काखंत, पेटी डोक्यावर. माझे डोळे अजून शाबूत हायेत."

चाँदभाईनं विचारलं, "अन् मै? मी न्हवतो का संगं?"

"तू न्हवतास. म्या इचारलंबी, चाँदभाई कावून आला न्हाई? तर हे काही बोललेच न्हाईत."

मी पारावरच्या एका दीड वर्षाच्या, माझ्या हातून कधीच न टोचलेल्या मुलाची बाही वर केली. दंडावर देवी टोचल्याची खूण होती. पण टोचल्याच्या दुसऱ्या दिवशी दंडावर नुसता ओरखडा असतो. चौथ्या दिवशी तिथं लाली येते, आठव्या दिवशी फोड भरतो, खपली पडायला तीन आठवडे लागतात. या मुलाच्या दंडावर खपली पडून गेलेला, गोल, पांढुरका वण होता. वर्षाचा तरी जुना. मी दुसऱ्याचा दंड बघितला, तिसऱ्याचा बघितला. सगळ्यांचे तसेच.

मी मनाशी हिशेब मांडला. हद्दीपलीकडून इंग्रजी इलाख्यातला कुणी टोचणारा आला असेल. त्याच्याकडंही पेटी, त्याच्याकडंही छत्री. खेड्यातली माणसं तोंड कुठं बघतात, पेटी बघतात. वणाचं काय, एखादी नवी लस असेल, लवकर सुकत असेल. म्हाताऱ्या बाईला कालचं आणि सालभरामागचं सारखंच.

हिशेब जमला. फक्त पारावरच्या लेकरांसाठी चाँदभाईनं बत्तासे काढले, तेव्हा एकाचाही हात पुढं आला नाही. ती सगळी मावळतीकडं तोंड करून बसली होती.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंगणदरा. वाट तिथं एका ओढ्यात उतरते आणि पलीकडच्या काठावर सात-आठ घरं आहेत. शाळू हुरड्याला आला होता. माणसं रानात होती, पण लेकरं घरीच होती आणि दारादारांत मावळतीकडं बघत बसली होती.

"काल दुपारीच गेलात की," एकजण म्हणाला.

मी त्याच्याशी वाद घातला नाही. त्याला विचारलं, या वस्तीत सगळ्यात लहान लेकरू कुणाचं? त्यानं रुक्मिणीबाई नावाच्या बाईचं घर दाखवलं. पोरसवदा बाई होती, पहिलटकरीण. बाळ मांडीवर घेऊन उन्हाला बसली होती.

"किती दिवसांचं हाय?"

"सव्वा महिना झाला काल."

"याला टोचलं?"

"टोचलं की. तुमीच म्हनलात, ल्हान हाय म्हनून सोडायचं न्हाई, मागं ऱ्हायलं की ऱ्हायलंच." मग जरा थांबून म्हणाली, "डाक्टर, हे कालधरनं रडलं न्हाई. दूध पितंय, झोपतंय, समदं करतंय. पर रडत न्हाई. असं असतं का?"

मी कुंची बाजूला केली आणि बाळाचा दंड बघितला. माझ्या करंगळीएवढा दंड. त्याच्यावर वर्षाचा जुना वण.

सव्वा महिन्याच्या बाळाला.

मला काहीतरी उत्तर देणं भाग होतं. "असतं," मी म्हटलं. "काही काही लेकरं असतात तशी." बाळ माझ्याकडं बघत नव्हतं. तिनं त्याचं तोंड हातानं माझ्याकडं वळवलं. हात काढल्याबरोबर ते सावकाश पुन्हा वाटेकडं वळलं. त्या वयाचं बाळ मान धरत नाही.

४

तिसऱ्या दिवशी तिसऱ्या वस्तीतही तेच ऐकायला मिळालं. तिथं मात्र 'काल' म्हणाले नाहीत. "आज सकाळी," म्हणाले.

वस्तीबाहेर एक हिवराचं झाड आहे. त्याच्याखाली चाँदभाईनं पेटी उतरवून ठेवली आणि तो बसला. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

"साहेब, मी इथून फुडं येत न्हाई," तो म्हणाला.

"कावून?"

त्यानं एकदा पुढच्या वाटेकडं बघितलं. मग म्हणाला, "कोण हाय, काय हाय, ते मला ठाव न्हाई. मी त्येला भीत न्हाई. मी दुसऱ्याच गोष्टीला भितो. तीन वस्त्यांत इचारलं. समदे म्हनतात, तुमी एकलेच होता. पेटी तुमच्याच डोक्यावर होती. मंग मी कुठं होतो?"

"तू मागल्या साली रजेवर होतास, ते ऐकून त्यांचा घोटाळा होतोय."

"सव्वा महिन्याच्या पोराच्या आईचाबी?" त्यानं माझ्याकडं बघितलं. "तुमच्या संगं मी फुडं गेलो, अन् मधीच तुमी एकले झालात, तर? मला लेकी हायेत, साहेब."

मी त्याला रागावलो नाही. रागावता आलं असतं तर बरं वाटलं असतं. मी चुंबळ केली, पेटी डोक्यावर घेतली, छत्री काखेत धरली आणि निघालो. दहा-बारा पावलं गेल्यावर ध्यानात आलं, की आता मी एकटा होतो आणि पेटी माझ्याच डोक्यावर होती.

मागून चाँदभाई ओरडला, "मी इथंच बसतो. कितीबी येळ लागू द्या."

५

वाटेत चौथी वस्ती लागते, तिथं मी थांबलो नाही. खळ्यावर एक बाई उपणत होती. मला बघून तिचा हात तसाच वर राहिला. "आता गं बाई," ती म्हणाली, "आत्ताच तर गेलात की फुडं!"

म्हणजे अंतर कमी होत होतं. मी न थांबता चालत होतो, तो वस्त्यांत थांबत होता. हा विचार मी असा सरळ केला, जणू पुढच्या बैलगाडीला गाठायचं आहे. आणि तो विचार करत असताना मी पळायला लागलो होतो, कारण आता पुढं एकच वस्ती उरली होती.

चौथ्या वस्तीपुढं नुसता माळ आहे. झाड नाही, झुडूप नाही, काळा खडक आणि गुडघाभर पिवळं गवत. भर दुपार होती. पौषातही त्या माळावर दुपारचं ऊन डोळ्यांना लागतं. दोन चढ चढून मी वर आलो आणि समोरच्या चढावर तो दिसला.

पाठमोरा माणूस. डोक्यावर पेटी, काखेत छत्री. घाई नव्हती त्याला. चढ चढताना तो उजवा हात गुडघ्यावर टेकत होता. मीही तसाच टेकतो.

मी थांबलो. तो थांबला नाही. मला वाटलं होतं तो थांबेल. मी थांबलो की थांबेल, मी चाललो की चालेल, मग ते उन्हाचं, डोळ्यांचं काहीतरी ठरेल. पण त्याचं चालणं त्याचं होतं. त्याला कुठंतरी पोचायचं होतं.

हाक मारावी म्हणून मी तोंड उघडलं. काय हाक मारणार? एकच नाव तोंडात येत होतं, आणि ते माझं होतं.

माळेवाडीला वाट लांबून वळसा घेऊन जाते. मधे एक दरा आहे. शेळ्या उतरतात तिथून, माणसं उतरत नाहीत. मी उतरलो. पेटी पोटाशी धरून, बसत, घसरत. हातापायांना कुसळं आणि काटे भरले. खाली सीताफळीची दाट झाडी होती, तिच्यातून वाकून गेलो आणि पलीकडच्या अंगानं वर चढलो. वर आलो तेव्हा माळेवाडीची धाब्याची घरं समोर होती. वाट मोकळी होती. वाटेवर कुणी नव्हतं.

६

छबूचं घर वस्तीच्या टोकाला होतं. एक खण, बुटकं दार, समोर शेणानं सारवलेलं अंगण. नवरा रानात गेलेला. ती चुलीपुढं बसली होती आणि आढ्याला बांधलेल्या झोळीत मुलगी होती.

"दादा!" ती उठून उभी राहिली. माझ्या अंगावरचं रक्त, फाटलेलं धोतर बघून म्हणाली, "पडलास का? बस. पाणी देते."

ती वाळली होती. वर्षभरात दहा वर्षांनी मोठी झाल्यासारखी.

"आज कुणी आलतं का इथं?" मी विचारलं.

"न्हाई. कोण येणार?"

मी पाणी प्यायलो नाही. "पोरीला दे इकडं. आधी टोचतो, मंग बोलू."

तिनं मुलगी झोळीतून काढून माझ्या मांडीवर दिली. मी पेटी उघडली. ते काम हातांना पाठ होतं. नळी फोडली, नस्तर फिरवलं, लस चोळली. मुलीनं एकदम टाहो फोडला. लाललाल होऊन, पाय झाडत रडायला लागली. तीन दिवसांत ऐकलेलं ते पहिलं रडणं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं.

छबू समोर बसली होती. ती हळूच म्हणाली, "मागल्या साली लई वाट बघितली रं. रोज माळावर जाऊन उभी ऱ्हायची. सोपान इचारायचा, मामा बत्तासे घेऊन येणार ना?"

"ताप होता, छबे," मी म्हणालो.

"हूं. कळलं होतं मला."

मला आणखी बोलायचं होतं. वर्षभर तेच बोलायचं होतं. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, थोडी थांबली. मी मुलीच्या दंडावरून फडकं फिरवत राहिलो.

बाहेर कुत्रं भुंकत होतं, ते एकदम गप्प झालं.

अंगणात पत्र्याची पेटी खाली ठेवल्याचा आवाज झाला. कडीचा खणखणाट सुद्धा. माझी पेटी माझ्या गुडघ्यापाशी उघडी होती.

दार बुटकं असल्यामुळं आतून बाहेर उभ्या माणसाचं कमरेपर्यंतच दिसतं. मला धोतर दिसलं. गुडघ्यापर्यंत धूळ, पण कुठं फाटलेलं नाही. छत्रीचं टोक दिसलं. मग चौकटीवर एक हात आला. माझ्या उजव्या आंगठ्याच्या नखावर नस्तराची जुनी चीर आहे, नख दुभंगलेलं आहे. ते नख मी चौकटीवर बघितलं.

आणि तो बोलला. आवाज माझा होता, पण मी कधी इतक्या शांतपणे बोललो नव्हतो.

"छबे, ताप न्हवता. घाटावर एकजण म्हनला, वर लेकरांना देवी उठाय लागल्यात. म्या भिलो. भिऊन माघारी फिरलो."

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. चाँदभाईला नाही, बायकोला नाही.

मुलीचं रडणं थांबलं. तिनं मान दाराकडं वळवली.

छबूनं दाराकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. खूप वेळ बघितलं. त्या बघण्यात भीती नव्हती, घोटाळाही नव्हता. मी नस्तर पेटीत ठेवलं. जे बोलायचं होतं ते बोलून झालं होतं.

तिनं वाकून मुलीला माझ्या मांडीवरून उचललं आणि ती बाहेर गेली.

मी उठू शकलो नाही. पाय हलत नव्हते असं नाही. उठून बाहेर जावं आणि त्याचं तोंड बघावं, एवढंच माझ्यानं झालं नाही. अंगणातून छबूच्या बोलण्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. एकदा ती रडली. मग, सोपान गेल्यापासून ती हसली नसेल तशी, थोडीशी हसली.

७

मी बाहेर आलो तेव्हा अंगणात ती एकटी होती. मुलगी तिच्या खांद्यावर होती आणि हद्दीकडं जाणाऱ्या वाटेकडं बघत होती. मी जवळ गेलो. दंडावर मी काढलेला ओरखडा होता, त्याचं रक्त अजून ओलं होतं. त्याच्या शेजारी, बोटभर अंतरावर, गोल पांढुरका वण होता.

"छबे," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. परक्या माणसाकडं बघावं तसं, पण मायेनं. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "पाव्हणं, उन्हं उतराय लागली. लांब जायचं असंल. पाणी पिऊन निघा."

मी पाणी प्यायलो आणि निघालो.

चाँदभाई हिवराखालीच बसला होता. मला येताना बघून तो उठला आणि झाडामागं गेला. तिथूनच ओरडला, "तिथंच थांबा! माझ्या थोरल्या लेकीचं नाव सांगा."

"मुनिरा," मी म्हटलं. "पाचव्या महिन्यात टोचली मी तिला. तू तोंड फिरवून उभा होतास."

मग तो पुढं आला आणि माझा हात धरून रडला. मी रडलो नाही. बीडला पोचेपर्यंत आम्ही दोघं त्याविषयी एक शब्द बोललो नाही, नंतरही कधी नाही.

त्या चैत्रात पुन्हा साथ आली. घाटाखालच्या गावांत लई लेकरं गेली. त्या वाटेवरच्या पाच वस्त्यांत एकालाही काही झालं नाही. दवाखान्यात माझी पाठ थोपटली. पुढच्या महिन्यात मी नोकरी सोडली.

याला सव्वीस वर्षं झाली. मी बीडातच असतो, बाजाराच्या तोंडाशी दोरखंडाचं दुकान आहे. घाट पुन्हा चढलो नाही. छबूला सुरुवातीला दोन-तीन वेळा निरोप धाडले. निरोप नेणारे परत येऊन म्हणायचे, ती म्हणते, कोण आश्रुबा? माझा भाऊ तर आत्ताच येऊन गेला. मग मी निरोप धाडायचं सोडलं.

पण पौषात पठारावरची माणसं बाजाराला उतरतात, त्यांत माळेवाडीचंही कुणी ना कुणी असतं. पेटी-छत्रीवाचून मी कोण ते त्यांना ओळखू येत नाही. दोरखंड घ्यायला आले की मी त्यांना बसवतो, पाणी देतो, इकडचं तिकडचं विचारतो. छबूबाई बरी आहे, सांगतात. मुलगी दिल्या घरी नांदते आहे. भाऊ दरसाल येतो, पौष चुकवत नाही. आता थकलाय, केस पिकलेत, चढ चढताना बसत बसत येतो.

परवा एकजण आला होता. त्याला मी विचारलं, "बहीण बोलती का त्येच्याशी?"

तो हसायला लागला.

"बोलती म्हंजी?" तो म्हणाला. "आवो, सख्खा भाऊ हाय तिचा."